वाढत्या अंगाचा सूट

भेटल्याबरोबर काका आधी माझे खांदे चाचपायचे. नमस्कार नंतर, तब्येतपाणी नंतर. दोन्ही तळवे दोन्ही खांद्यांवर ठेवायचे, जरा दाबायचे, मग बोटं दंडापर्यंत खाली आणायचे आणि मान हलवून म्हणायचे, "भरला. जरासा भरला."

बसस्टँडवर असो, बाजारात वांग्याच्या पाटीपुढे असो, त्यांना काही फरक पडत नसे. एकदा तर कचेरीच्या फाटकात त्यांनी मला असं चाचपलं, आणि बाजूला आमचे साहेब उभे. साहेबांनी नंतर विचारलं, "तुम्ही व्यायामशाळेत जाता का हो?" मी म्हटलं, "नाही सर. कारकुनी करतो."

साहेबांना काय सांगणार? काकांचे हात माझ्या खांद्यांवर असायचे, पण ते मोजायचे दुसऱ्याच माणसाचे खांदे. त्यांच्या पोराचे. प्रशांतचे. तो माझ्या बरोबरीचा, माझ्या वर्गातला. पुण्याला गेला तो गेलाच होता. बापाकडं पोराच्या अंगाचं माप घ्यायला माझ्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा माणूस असेल. लोक त्याच्याकडं बघून आधी हसतात, आणि मग पटकन दुसरीकडं बघतात.

काका भट्टीवर होते. मोहाडीहून भंडाऱ्याला जाताना रस्त्याकडेला एक राइस मिल लागते. तिथं उसना तांदूळ निघतो. धान आधी वाफेवर शिजवायचं, मग सिमेंटच्या आंगणात वाळवायचं, मग भरडायचं. त्या वाफेसाठी भुशाची भट्टी असते आणि भट्टीच्या तोंडाशी काका असत. बुटकं, काटकुळं अंग. हातावरचे केस जळून गेलेले, भुवया अर्ध्याच राहिलेल्या. कपडे कितीही धुतले तरी शिजलेल्या धानाचा वास जायचा नाही. मे महिन्यात आम्ही घामानं कासावीस व्हायचो आणि ते ओट्यावर बसून आम्हालाच हसायचे. "तुमाले गरमी होते? मी तं सूर्याच्या सासऱ्यापाशी नोकरी करतो."

अशा माणसानं लोकरीचा सूट शिवून घ्यावा, तोही पूर्व विदर्भात, याची गंमत मोहल्ल्याला वाटणारच. पण त्यांनी तो का शिवला हे मोहल्ल्यात कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आमच्याकडं प्रत्येक घराच्या भिंतीवर एक निळा सूट आहे. चष्मा, टाय, खिशाला पेन. तो कोणाचा हे मी सांगायला नको. आमच्या आजोबांना धड सदरा घालून गावातून चालायची चोरी होती. त्यांच्या नातवांनी त्या भिंतीखाली बसून अभ्यास केला. कपड्यांच्या तऱ्हा बदलल्या, पँटच्या मोहऱ्या रुंद झाल्या, अरुंद झाल्या, पोरं फाटक्या जीन्स विकत घेऊ लागली. भिंतीवरचा सूट तसाच आहे, आणि त्याच्यापुढं उभं राहिलं की आजही पाठ सरळ होते. माझी तरी होते.

प्रशांत आणि मी एकाच वर्षी बी.ए. झालो. त्याच्या घरात तो पहिला, माझ्या घरात मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो, लपवायचं काय त्यात? मोहल्ल्यानं ठरवलं की जयंतीच्या दिवशी मंडपात आमचा सत्कार करायचा. काकांनी ठरवलं की त्या दिवशी प्रशांतच्या अंगावर सूट पाहिजे.

आम्ही तिघं नागपूरला गेलो. दुकानदारानं काकांकडं बघितलं, त्यांच्या चपलांकडं बघितलं आणि हलक्यातला गठ्ठा पुढं सरकवला.

"चाचा, टेरीवूल ले जाओ. अपने इधर की गर्मी में असली ऊन कौन पहनता है?"

"दाखवा तं," काका म्हणाले.

त्यानं लोकरीचा तागा उलगडला. गडद निळा. काकांनी हात फिरवला, पण भट्टीनं तळव्यांची कातडी इतकी जाड झालेली की बोटांना काही समजेना. मग त्यांनी कापडाचं टोक उचललं आणि गालाला लावलं. तसेच उभे राहिले. दुकानात दोन बाया साड्या बघत होत्या, त्या हसल्या. काकांचं लक्ष नव्हतं.

"हे जिवंत आहे," ते म्हणाले. "हेच द्या."

"बाबा, उन्हाळा आहे," प्रशांत पुटपुटला.

"सूट का थंडीसाठी घालतेत का बापू?"

शिंपी म्हातारा होता, त्याच गल्लीतला. त्यानं प्रशांतच्या छातीवरून टेप फिरवला तसे काका मधे सरकले. "ढिला ठेवा जी. वाढत्या अंगाचा शिवा."

शिंपीमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, पोरगा बावीसचा झाला. आता काय वाढणार?"

"तुम्ही ठेवा न. आमच्याकडं असंच शिवतेत."

आता हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, पण खरंच आमच्याकडं असंच शिवतात. पहिलीतला गणवेश चौथीपर्यंत पुरायला पाहिजे. म्हणून आधी बाह्या दुमडलेल्या, हाफपँट गुडघ्याच्या खाली. मग कधीतरी एक वर्ष असं येतं की कपडा बरोबर बसतो, आणि त्या एका वर्षात पोरगा राजा दिसतो. त्यानंतर तोकडा. काकांनी जन्मात मापाचा कपडा शिवलेला नव्हता, ना स्वतःला, ना पोराला. मापाचा शिवायचा म्हणजे पोराचं अंग आता इथंच थांबलं असं कबूल करायचं. ते त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं.

मास्तरांनी शिवला. सांगितला तसा शिवला.

जयंतीच्या दिवशी दुपारी मंडप तापून तव्यासारखा झालेला. पंखा गरम हवा फेकत होता. प्रशांत स्टेजवर चढला तेव्हा कोटाच्या खांद्यांच्या शिवणी त्याच्या दंडावर उतरल्या होत्या आणि बाह्यांतून नुसती नखं दिसत होती. पाहुण्यांनी हात मिळवायला हात पुढं केला तर त्यांच्या हातात आधी बाही आली. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, सूट आला, पोट्टा कुठं राह्यला?"

मंडप हसला. बायका हसल्या, पाहुणेही हसले. वाईट मनानं कोणी हसलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण हसले.

प्रशांत खाली उतरला. त्यानं कोट काढला, घडी न करता खुर्चीवर ठेवला आणि घामानं भिजलेल्या शर्टात मंडपाबाहेर चालू लागला. काका मागून आले, कोट उचलला, झटकला, हातावर टाकला. मीही त्यांच्या मागोमाग घरी गेलो.

आंगणात प्रशांत उभा होता. "तुमाले माप समजत नाही का बाबा?"

"भरशील न बापू. माणसाचं अंग का बावीसातच थांबते?"

"मले आज घालाचा होता. आज! तुमाले मी कायम उद्याचाच दिसतो."

काकांनी कोटाच्या कॉलरवरचा धुळीचा कण बोटानं काढला. "तू भर तं," इतकंच म्हणाले.

त्या पावसाळ्यात प्रशांत पुण्याला एका कंपनीत लागला. एका सूटापायी कोणी घर सोडत नाही, एवढं मलाही कळतं. इकडं नोकरी नव्हतीच, जायचं तर होतंच. पहिल्या दिवाळीला तो आलाही. काकांनी पेटीकडं बघत विचारलं, "काढू का?" तो म्हणाला, "नका काढू." मग येणं कमी झालं, मग बंदच झालं. फोन यायचा तो आईला, जेवलीस का, झोपलीस का इतकाच. काकांनी मात्र मनाशी पक्कं करून टाकलं होतं. पोरगा येत नाही, कारण सूट बसत नाही. बसायला लागला की येईल. त्यांच्यापुढं आता एकच प्रश्न होता, तो बसायला लागला हे कळायचं कसं?

म्हणून मी.

दिवाळी सरून पहिली थंडी पडली की निरोप यायचा. मी गेलो की काका पेटी उघडायचे. कडुलिंबाचा पाला, तंबाखूची पानं, वर जुनं धोतर, त्याच्याखाली सूट. काकी चुलीपाशून बोलायच्या, "घरातल्या माणसाले गोधडी फाटकी, अन त्याले पाहा, पेटीत झोपते. सुनेचे लाड बी इतके कोणी करत नाही."

"सून आली का तिचे बी करीन," काका म्हणायचे. "ये बापू. घालून दाखव."

मी घालायचो. लोकर मानेला टोचायची. मग काका भोवती फिरायचे. "उठ. बस. हात वर कर. आता वाक." मी पदवीधर, सरकारी नोकर, दोन पोरांचा बाप, तिथं आंगणात उठाबशा काढायचो आणि शेजारची पोरं कुंपणावरून बघायची. शेवटी काका खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवायचे. शिवण दंडावरून किती वर चढली ते बघायचे. "भरून राहिला," म्हणायचे. "तू भरला म्हणजे तोही भरला असन. तुमी एकाच वर्गातले."

माझ्या लग्नात मी तो मागितला होता. बाह्या आत दुमडून दोन टाके मारू, म्हटलं. काकांनी पेटीवर हात ठेवला. "टाका नाही मारायचा. अन त्याच्याआधी बाहेर नाही काढायचा." मी भाड्याची शेरवानी घातली. माझी बायको अजून विचारते, "तुमाले ते कायले बोलावतेत हो? घरचा बुजगावणा समजतेत का?" मी तिला म्हणतो, तसंच समज.

खरं तर मला जायला आवडायचं. माझा बाप मी कॉलेजात असतानाच गेला. माझं अंग भरलं की नाही हे कोणी दरसाल बघावं, ते पोराच्या नावानं का असेना, यात मला कमीपणा वाटला नाही.

मग एका हिवाळ्यात सूट मला बसला.

मी बटण लावलं आणि मलाच समजलं. पाठीवर कुठं घडी नाही. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर. बाही मनगटावर थांबलेली. खुर्चीवर बसून बसून सुटलेलं माझं पोटही त्यात नीट मावलं. काकी हातातलं काम टाकून दारात आल्या. काका माझ्याभोवती एकदा फिरले. उठबस सांगितली नाही. मला ते भिंतीपाशी घेऊन गेले, फोटोखाली उभं केलं, आणि लांब जाऊन बघत राहिले.

"लाव," ते म्हणाले. "फोन लाव त्याले."

मी स्पीकरवर लावला. बऱ्याच वेळानं प्रशांतनं उचलला.

"बापू," काका ओरडूनच बोलले, पुणे लांब म्हणून. "सूट बसते आता तुले!"

पलीकडून प्रशांत म्हणाला, "कोणाले बसते?"

"तुले! याच्या अंगावर पाह्यला मी. काही कसर नाही. बरोब्बर बसते. तू ये."

मला वाटलं तो हसेल, किंवा चिडेल. तो म्हणाला, "बाबा, मी कामावर आहे. ठेवतो." आवाज खोल गेलेला होता. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि काकींना म्हणाले, "येते म्हणे."

तो तसं म्हणाला नव्हता. काकींनाही ते ऐकू आलं होतं.

नंतर कळलं की तो त्या दिवशी कामावर नव्हता. दवाखान्यात होता. दोन्ही किडन्या खराब झाल्या होत्या आणि पुण्यात एकट्यानं ते निभावत नव्हतं. पावसाळ्यात तो खरंच आला. काका आणि मी बसस्टँडवर गेलो होतो. बसमधून एक माणूस दांडीला धरून हळूहळू उतरला, आणि मी त्याच्या मागं प्रशांतला शोधत राहिलो.

काकांनी ओळखलं. ते पुढं झाले आणि सवयीनं दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवले. दाबले. बोटं दंडापर्यंत खाली आली. मान हलली नाही. ते हात तिथंच राहिले, आणि गर्दी त्या दोघांना वळसा घालून जात राहिली. शेवटी प्रशांतच म्हणाला, "चाला न बाबा. बॅग धरा."

बावीसचा होता तेव्हापेक्षा तो बारीक झाला होता. उंचीनं बापाएवढा होताच, आता अंगानंही बापाएवढाच दिसत होता.

सूटाचं नाव काकांनी काढलं नाही. प्रशांतनंच काढलं, थंडी पडल्यावर. त्या आजारात फार थंडी वाजते म्हणे. दोन स्वेटर घालूनही तो उन्हाची जागा बदलत बसायचा. एका सकाळी मी गेलो तर तो म्हणाला, "बाबा, काढा न तो सूट. लोकर आहे ना?"

काकांनी काढला. प्रशांतनं कोट घातला. मी तिथं होतो. तुम्हाला काय सांगू. मंडपात होता त्याहून ढिला. काका समोर उभे राहून म्हणाले, "बसते. तब्येत जराशी सुधरली का बसते."

प्रशांत हसला. आजारी माणसाचं हसू सुकलेल्या तोंडावर मोठं दिसतं. "बारीक करून आणा बाबा. आजच घालाचा आहे मले."

काकांनी 'आज' हा शब्द ऐकला. ते लगेच उठले. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून मोहाडीच्या शिंप्याकडं नेलं, प्रशांतचं माप एका सुतळीला गाठी मारून. शिंप्यानं कोट उलटा केला आणि कात्री उचलली तसा काकांनी त्याचा हात धरला.

"कापू नको."

"मंग बारीक कसा करू?"

"आत दाब. कापड आतच ठेव, सारं."

"शिवण जाड येईन काका. अंगाले रुतन. इतकं कापड आत कोण ठेवते?"

"रुतू दे," काका म्हणाले. "भरला का उसवू. चिंधीही कापू नको."

शिंप्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांगतात तसं करा." तो शिवेपर्यंत काका मशीनच्या बाजूला उभे होते. संध्याकाळच्या आत प्रशांतच्या अंगावर कोट होता.

त्या हिवाळ्यात प्रशांतनं सूट पोटभर घातला. ठरलेल्या वारी दोघं बापलेक भंडाऱ्याला जायचे, मशीनवर रक्त साफ करून घ्यायला. माझीही कचेरी तिकडंच, बस तीच. प्रशांत खिडकीपाशी, निळ्या सूटात, भांग पाडून. बाजूला काका, कानाला मफलर. पहिल्या दिवशी कंडक्टरनं विचारलं, "काय साहेब, लग्नाला का?"

"हो तं," काका म्हणाले. "चाला तुम्हीही. जेवून या."

प्रशांत खिडकीकडं तोंड करून हसला. त्याचे खांदे कोटाच्या आत हलले.

एकदा मी दुपारच्या सुट्टीत दवाखान्यात डोकावलो. आत मशीन चालू होतं, काका बाहेर बाकावर. प्रशांतनं आत जाताना काढून दिलेला कोट मांडीवर नव्हता. मी विचारलं, कोट कुठं? त्यांनी शाल उघडून दाखवली. कोट त्यांनी छातीशी धरून वर शाल गुंडाळली होती, निजलेल्या लेकराला धरतात तसा.

"बाहेर आला का लय थंडी वाजते त्याले," ते म्हणाले. "थंडा कोट कसा द्याव?"

परतीच्या बसमध्ये काकांचा डोळा लागला होता. प्रशांतनं मला हळूच विचारलं, "तू किती वर्षं घातला बे हा?"

"दर थंडीत."

"कसा वाटे?"

"टोचायचा."

"मले नाही टोचत." मग म्हणाला, "बाबाले सांगू नको. पण परत ढिला होऊन राहिला."

सांगायची गरजच नव्हती. काकांना दिसत होतं. खांद्याची शिवण पुन्हा दंडाकडं उतरायला लागली होती. त्या शिवणीवर नजर ठेवण्यात त्यांची इतकी वर्षं गेली होती. त्यांच्या नजरेतून ती कशी सुटेल? पण ते परत शिंप्याकडं गेले नाहीत.

उन्हाळा लागायच्या आधी प्रशांत गेला.

पांढऱ्या कपड्यात त्याला आंगणात ठेवलं होतं. मोहल्ला जमला होता, बुद्धवंदना चालू होती. बुजुर्गांपैकी एकजण काकांपाशी वाकले. चांगल्याच मनानं वाकले. म्हणाले, "भाऊ, त्याचा सूट होता न? घालाचा का? पदवीवाला पोरगा आपला."

काकांनी वर बघितलं. मग आंगणातल्या सगळ्या माणसांकडं बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"नको जी," ते म्हणाले. "ढिला आहे. लोकायसमोर नको."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरायची खटपटही करत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर थंडी पडली. निरोप आला नाही. येणार नाही हे माहीत असूनही मी दोन-तीन दिवस कान तिकडं लावून होतो. मग बाजारात काका समोरून आले. मी नकळत थांबलो, खांदे जरा पुढं करून. त्यांचे हात वर आले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"कसा आहेस तू?" त्यांनी विचारलं.

मला या प्रश्नाची सवय नव्हती. मी काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेले.

मी त्यांच्या घरी जाऊन काकींना भेटलो. पेटी उघडी होती. आत जुनं धोतर आणि वाळका पाला, बाकी काही नाही. मी बघतोय हे पाहून काकी म्हणाल्या, "ते घालून जातेत आता. मिलमंधी. थंडी वाजते म्हनतेत. भट्टीपाशी बसून थंडी वाजते, सांग बापू मले." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "उसवून देतो म्हटलं, आतलं कापड रुतते. तं नाही म्हनतेत. त्याईले बसते तो तसाच."

काकांनी त्यानंतर आणखी एकच हिवाळा बघितला. सकाळी भट्टीवर गेले आणि दुपारी मिलच्या माणसांनी घरी आणले. फार कोणाला त्रास दिला नाही त्यांनी.

त्या शेवटच्या हिवाळ्यातली एक सकाळ आहे. मी बसमध्ये होतो. धुकं इतकं की ड्रायव्हर सारखा काच पुसत होता. मिलपाशी बस हळू झाली. सिमेंटच्या आंगणात शिजलेलं धान नुकतंच पसरलेलं, त्यातून वाफा निघत होत्या. आंगणात काका एकटेच होते. खाली गुडघ्यापर्यंत लुंगी, पायात काही नाही, वर तो निळा कोट, बटणं लावलेली, पाठीला भुसा चिकटलेला. पाय घासत घासत ते धानात सरळ ओळी पाडत चालले होते, खालचं ओलं वर यावं म्हणून. बसमध्ये मोहाडीची बरीच माणसं होती. कोणी कोणाला काही दाखवलं नाही. काकांनी बसच्या आवाजाला मान वळवली नाही. वाफ त्यांच्या पायांपासून निघून कोटाखाली शिरत होती. ओळीच्या टोकाला जाऊन ते वळायचे आणि आधीच्या ओळीला लागून दुसरी ओळ धरायचे.